मार्शल लॉ आणि हुकूमशाही: सोलापूर १९३० आणि जर्मनी १९३३

सोलापुरात हुकूमशाहीचा विषय निघाला की बोलणं हमखास १९३० च्या मार्शल लॉवर, म्हणजे लष्करी अंमलावर येतं. साहजिक आहे. चार हुतात्मा चौकातून रोज ये-जा करणाऱ्याला जुलमाचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. पण मार्शल लॉ आणि हुकूमशाही एकच मानली, की एक प्रश्न तसाच राहतो. काही सत्ता दहशत बसवून थांबतात आणि काही एखादा समाज मुळासकट संपवायला निघतात, असं का होतं? मला याचं उत्तर बंदुकीपेक्षा कागदात सापडतं. माणूस कोण आहे आणि कोणाच्या पोटी जन्मला, याची सरकारी नोंद जिथे त्याच्याविरुद्ध वापरायला सुरुवात होते, तिथून वंशसंहाराची वाट फुटते.

आधी आपलं गाव. ५ मे १९३० ला गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर उसळलं. ८ मे रोजी पोलिसांनी गोळीबार केला. चिडलेल्या जमावाने पोलीस चौकी पेटवली, पोलीस मारले गेले, कोर्टालाही आग लागली. अधिकारी शहराबाहेर गेले आणि दोन-चार दिवस गावाचा कारभार लोकांनीच सांभाळला. १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला. तो ३० जूनपर्यंत होता. त्या काळात डोक्यावर गांधी टोपी दिसली तरी शिक्षा होत होती, नगरपालिकेवरचा झेंडा खाली आला, कार्यकर्ते तुरुंगात गेले. पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना फाशी झाली.

ही चार नावं पुन्हा वाचा. चौघे वेगवेगळ्या समाजांतले. मार्शल लॉचा वरवंटा फिरला तो राज्याविरुद्ध उभं राहणाऱ्यावर; तो लिंगायत आहे की मारवाडी, मराठा आहे की मुसलमान, हा त्या हुकुमाचा प्रश्न नव्हता. टोपी उतरवून घरात बसलेला माणूस बहुतेक वेळा वाचत होता. मान खाली घालायला लावणारी, अत्यंत अपमानाची ही सुटका होती, पण सुटका होती. दुसरं असं की मार्शल लॉने गावाला आपल्या बाजूला वळवायचा प्रयत्नच केला नाही. सैनिक बाहेरून आले, रस्ते ताब्यात घेतले, आणि गाव त्यांच्याकडे परकं म्हणूनच पाहत राहिलं.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करतो. मार्शल लॉ सुरू व्हायच्या आधी आणि उठल्यानंतरही इंग्रजांचं राज्य सोलापूरकरांना विचारून चालत नव्हतं. त्या अर्थी ती एकतंत्री सत्ताच होती. मार्शल लॉला कमी भयंकर ठरवावं, असा माझा हेतू नाही. दोन्ही यंत्रं कशी चालतात ते वेगळं आहे, एवढंच दाखवायचं आहे.

आता जर्मनी. ३० जानेवारी १९३३ ला राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी हिटलरला चॅन्सेलर नेमलं. रणगाडे आले नाहीत, रेडिओ केंद्र कोणी ताब्यात घेतलं नाही. २७ फेब्रुवारीला संसदेची इमारत पेटली आणि दुसऱ्याच दिवशी निघालेल्या वटहुकमाने भाषण, सभा, वृत्तपत्र, टपालाची गुप्तता, घरझडतीपासूनचं संरक्षण, सगळं स्थगित झालं. इथपर्यंत हे मार्शल लॉसारखंच दिसतं आणि गल्लत होते ती इथेच. त्या काळच्या अनेक जर्मनांनाही ही तात्पुरती कडक व्यवस्था वाटली, कारण त्यांच्या राज्यघटनेच्या ४८ व्या कलमाखाली असे वटहुकूम आधीही निघाले होते. फरक इतकाच, की हा वटहुकूम १९४५ पर्यंत उठलाच नाही.

२३ मार्चला संसदेने कायदे करण्याचा आपला अधिकार मंत्रिमंडळाच्या हवाली केला. कम्युनिस्ट सदस्यांना आत येऊ दिलं नव्हतं. ठरावाच्या बाजूने ४४४ मतं पडली, विरोधात ९४, आणि ती सगळी सोशल डेमोक्रॅट पक्षाची. त्या कायद्याला चार वर्षांची मुदत होती, हे फार थोड्यांना माहीत असतं. १९३७ साली मुदत संपत आली तेव्हा संसदेत एकच पक्ष उरला होता. मुदतवाढीचा हात वर करायला तेवढे पुरेसे होते.

खरं वेगळेपण त्याच वसंतात सुरू झालं. ७ एप्रिल १९३३ च्या कायद्याने ज्यू कर्मचाऱ्यांना सरकारी नोकरीतून काढायला सुरुवात झाली. १५ सप्टेंबर १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी त्यांचं नागरिकत्व दुय्यम केलं आणि ज्यू व बिगर-ज्यू यांच्या विवाहावर बंदी घातली. ज्यू कोण, हे ठरवायला आजी-आजोबा मोजले जाऊ लागले. चारपैकी तीन किंवा चार ज्यू असतील तर तो माणूस ज्यू, मग तो स्वतः कितीही वर्षं चर्चमध्ये जात असो. सोलापुरात टोपी उतरवता येत होती. आजी कशी उतरवणार?

आजी-आजोबांचा पुरावा आणायचा कुठून? चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्यांतून, जन्म-विवाहाच्या दप्तरांतून. नोकरी टिकवायची तर शिक्षकाला, डॉक्टरला, कारकुनाला आपला वंशाचा दाखला जोडावा लागे. म्हणजे ज्याचा ज्यूंशी काडीचा संबंध नव्हता, तोही दाखला मिळवून या व्यवस्थेत सहभागी झाला. या टप्प्यावर मी मुद्दाम थांबतो, कारण वंशसंहाराच्या गोष्टीत आपल्याला छावण्या आठवतात आणि दाखले देणारी खिडकी आठवत नाही. मार्शल लॉला शहर नुसतं गप्प बसलेलं चालतं. या सत्तेला शेजाऱ्याची सही लागत होती.

त्यापुढचं सगळं त्याच यादीवर उभं राहिलं. १९३८ मध्ये ज्यू पुरुषांच्या नावात इस्रायल आणि स्त्रियांच्या नावात सारा जोडणं सक्तीचं झालं, पासपोर्टवर वेगळं अक्षर उमटलं. ९ नोव्हेंबरच्या रात्री प्रार्थनास्थळं जाळली, दुकानं फोडली, आणि भरपाई म्हणून १०० कोटी मार्कांचा दंड ज्यूंवरच बसवला. तरीही तोवर धोरण त्यांना देशाबाहेर हाकलण्याचं होतं. १९३३ मध्ये जर्मनीत साधारण ५ लाख ज्यू होते आणि युद्धाआधी त्यातले निम्म्याहून जास्त निघून गेले.

युद्धाने दोन गोष्टी केल्या. पोलंड आणि सोव्हिएत भूमीवरचे लक्षावधी ज्यू जर्मनीच्या ताब्यात आले, आणि जगाची नजर अडवणारा पडदा मिळाला. मारायचं तंत्र आधी स्वतःच्याच लोकांवर वापरलं गेलं होतं: जानेवारी १९४० ते ऑगस्ट १९४१ या काळात सुमारे ७० हजार अपंग आणि मनोरुग्ण विषारी वायूने मारले गेले. तिथे तयार झालेली माणसं पुढे बेल्झेक, सोबिबोर, ट्रेब्लिंका या मृत्यूछावण्यांवर नेमली गेली. २० जानेवारी १९४२ रोजी बर्लिनच्या वानझे उपनगरात १५ वरिष्ठ अधिकारी बसले. कत्तल तोवर सुरू झालेली होती. कुठल्या खात्याने काय करायचं, याचा मेळ घालण्यासाठी ही बैठक होती. युरोपातले सुमारे ६० लाख ज्यू मारले गेले, त्यांत ३० लाख एकट्या पोलंडचे.

प्रत्येक हुकूमशाही इथवर जाते असं मात्र नाही. चिलीत १९७३ च्या लष्करी बंडानंतर तीन हजारांहून अधिक माणसं मारली गेली किंवा गायब झाली. ती राजकीय विरोधक म्हणून मारली गेली. वंशसंहाराविरुद्धच्या १९४८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात राष्ट्रीय, वांशिक आणि धार्मिक गट येतात, राजकीय गट येत नाहीत. मला हा त्या करारातला मोठा खड्डा वाटतो. कंबोडियात १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूज या कम्युनिस्ट गटाच्या राजवटीत दीड ते दोन दशलक्ष माणसं गेली, पण २०१८ च्या निकालात वंशसंहाराचा दोष सिद्ध झाला तो व्हिएतनामी आणि चाम मुसलमानांच्या बाबतीत. रवांडात बेल्जियन वसाहतकाळापासून ओळखपत्रावर माणूस हुतू समाजाचा की तुत्सी समाजाचा हे छापलेलं असायचं. १९९४ मध्ये नाक्यांवर तेच कार्ड मागून तुत्सी माणसं मारली गेली.

कागद किती निर्णायक ठरतो, हे बल्गेरियात सर्वांत स्वच्छ दिसतं. तो देश हिटलरच्या गोटात होता, तिथेही ज्यूंविरुद्ध कायदे होते, पण संसद अजून शिल्लक होती. मार्च १९४३ मध्ये ज्यूंना पाठवणीसाठी गोळा करण्याचा हुकूम निघाला तेव्हा संसदेचे उपाध्यक्ष दिमितार पेशेव यांनी सत्ताधारी बाजूच्याच चाळीसहून अधिक सदस्यांच्या सह्या घेऊन निषेधाचं पत्र पंतप्रधानांना दिलं. पेशेव यांचं पद गेलं. चर्चचे धर्मगुरूही उघडपणे विरोधात उभे राहिले. बल्गेरियाचे नागरिक असलेले जवळपास ४८ हजार ज्यू वाचले. बल्गेरियाने व्यापलेल्या थ्रेस आणि मॅसिडोनियातल्या ज्यूंना मात्र नागरिकत्व नाकारलेलं होतं. तिथून ११ हजारांहून अधिक माणसांना बल्गेरियन अधिकाऱ्यांनीच पकडून जर्मनांच्या हवाली केलं आणि जवळजवळ सगळ्यांना ट्रेब्लिंकात मारण्यात आलं.