अभिजित संथ नाही

‘ग्रह फिरतात, तारे स्थिर असतात’ हे वाक्य शाळेपासून आपल्या कानावर आहे. त्याच्या जोडीला आणखी एक समजूत: तारा दुर्बिणीतूनही ठिपक्याएवढाच दिसतो, मग तो स्वतःभोवती फिरतो की नाही हे कळणार कसे? दोन्ही चूक.

फिरणाऱ्या ताऱ्याची एक कड आपल्याकडे येत असते, दुसरी दूर जात असते. येणाऱ्या कडेचा प्रकाश किंचित निळ्याकडे सरकतो, जाणाऱ्या कडेचा तांबड्याकडे. आपल्याला हा सगळा प्रकाश एकत्रच मिळतो, म्हणून वर्णपटातली, म्हणजे ताऱ्याच्या प्रकाशाच्या रंगपट्ट्यातली, काळी रेघ पसरट होते. विल्यम ॲबनी यांनी ही कल्पना १८७७ मध्येच मांडली होती. श्रवण ताऱ्याच्या रेघा अशाच पसरट दिसतात. विषुववृत्तावर त्याचा वेग सेकंदाला २०० किलोमीटरहून जास्त आहे, सूर्याचा जेमतेम २.

मात्र रेघेची रुंदी म्हणजे पूर्ण वेग, हेही खरे नाही, आणि मला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अभिजित ताऱ्याच्या रेघा सेकंदाला सुमारे २० किलोमीटरच सांगतात. त्यामुळे तो संथ मानला जाई. २००६ मध्ये अनेक दुर्बिणींचा प्रकाश एकत्र करून पाहिला, तेव्हा स्पष्ट झाले की त्याचा ध्रुव जवळजवळ आपल्याकडेच रोखलेला आहे. भोवरा वरून पाहावा तसा आपण तो पाहतो. कडा ना फारशा जवळ येतात, ना लांब जातात. विषुववृत्तावरचा खरा वेग सेकंदाला २०० किलोमीटरच्या आसपास आहे. इतका, की तारा विषुववृत्तापाशी फुगून ध्रुवांपाशी चपटा झाला आहे.