कोकोचा डबा आधी वाचा

पाहुण्यांसाठी चॉकलेट केक करायचा ठरला की आपण रेसिपी शोधतो. माझं मत विचाराल तर आधी कोकोच्या डब्यामागचा बारीक मजकूर वाचावा. घटकांच्या यादीत ‘अल्कलाइज्ड’, ‘डच प्रोसेस’ किंवा आम्लता-नियंत्रक म्हणून ५०१ हा आकडा दिसतो का? ५०१ म्हणजे पोटॅशियम कार्बोनेट. केक फुगणार की बसणार, हे बऱ्याच अंशी त्यावर ठरतं.

साधी कोको पावडर आंबट असते. तिचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, साडेपाचच्या आसपास असतो (सातच्या खाली म्हणजे आंबट). नेदरलँड्समधल्या व्हान हाउटेन यांनी १८२८ साली कोकोतलं लोणी दाबून काढणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि उरलेल्या कोकोवर अल्कलीची, म्हणजे आम्ल मारणाऱ्या क्षाराची, प्रक्रिया करण्याची पद्धतही याच घराण्याने रूढ केली. या प्रक्रियेने कोकोचा आंबटपणा जातो, रंग गडद होतो, चव सौम्य होते. दिसायला हा ‘डच’ कोको झकासच, पण त्यात सोड्याशी भिडायला आम्ल उरत नाही.

खाण्याचा सोडा आम्लाशी भेटला की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि त्याचे बुडबुडे पीठ उचलतात. आम्ल नसेल तरी ओव्हनच्या उष्णतेने सोड्यातून थोडा वायू निघतो, पण मागे सोडियम कार्बोनेट राहतं आणि घास साबणासारखा लागतो. ‘एवढासा सोडा जास्त झाला’ म्हणतात तो हाच प्रकार. म्हणून रेसिपीत नुसता सोडा आणि हातात डच कोको असेल, तर दही, ताक किंवा चमचाभर व्हिनेगर घाला. आपल्याकडच्या बिनअंड्याच्या केकमध्ये दही असतं ते यासाठीही. बेकिंग पावडरमध्ये आम्ल आधीच मिसळलेलं असतं, त्यामुळे डच कोकोबरोबर तीही चालते. मात्र ती सोड्याच्या तिप्पट तरी लागते.

ओला सोडा थांबत नाही. पीठ कालवून मग ओव्हन तापायची वाट बघत बसलात, तर निम्मा वायू ओट्यावरच उडून जातो. मैदा घातल्यावर फेटत राहणंही नको. ग्लुटेनचं, म्हणजे मैद्यातल्या चिकट प्रथिनाचं, जाळं चिवट होतं आणि केक पावासारखा लागतो.

आता केकवरचं गनाश, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमचा लेप, कापल्यावर सगळ्यांची नजर जाते तो भाग. वितळलेलं चॉकलेट म्हणजे कोकोच्या लोण्यात तरंगणारे साखरेचे आणि कोकोचे सुके कण. त्यात ओल्या चमच्यातून दोन थेंब पाणी पडलं की साखर ओली होते, कण एकमेकांना चिकटतात आणि चकचकीत चॉकलेटचा क्षणात रवाळ, घट्ट गोळा होतो. अशा वेळी पुष्कळजण ते फेकून देतात, आणि तिथेच चुकतात. दोन थेंबांनी बिघडलेलं चॉकलेट भरपूर पाण्याने सुधारतं. दर ५० ग्रॅमला निदान एक मोठा चमचा गरम दूध किंवा क्रीम घालून ढवळा. साखर विरघळते, लोणी बारीक थेंबांत पसरतं आणि गोळा पुन्हा गुळगुळीत होतो. गनाश जमतं ते याच तत्त्वावर.

केक आदल्या दिवशी केलात तर झाकून बाहेरच ठेवा. फ्रीजच्या गारव्यात मैद्यातला स्टार्च पुन्हा कडक व्हायला लागतो आणि केक शिळा लागतो. क्रीम असल्यामुळे गनाशचा केक मात्र उन्हाळ्यात फ्रीजमध्ये ठेवावाच लागतो. मग केकमध्ये लोण्याऐवजी तेल वापरा, ते थंडीत गोठत नाही.

वाढण्याआधी तासभर तरी तो बाहेर काढा. कोकोचं लोणी सुमारे ३४ अंशांना वितळतं, म्हणून गार गनाश जिभेवर मेणासारखं रेंगाळतं आणि चव उशिरा कळते. सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घ्या, आणि प्रत्येक तुकड्यानंतर पुन्हा पुसा.