धुरक्याआडचा उन्हाळा

डिसेंबरात भल्या सकाळी नागपूरजवळच्या कोराडीच्या देवीला निघालं, की वीज केंद्राच्या चिमण्यांची फक्त टोकं दिसतात. खालचं सगळं धुरक्यात बुडालेलं. रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन जड होते, तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं आणि चुलीतल्या पऱ्हाटीचा (कपाशीच्या वाळल्या काड्यांचा) धूर, डिझेलची काजळी, रस्त्याची धूळ, कोळशाची राख तिथेच कोंडून राहते. ऊन तापलं की झाकण निघतं, कण मात्र वर जाऊन दूरवर पसरतात.

हे कण एका स्वभावाचे नाहीत. कोळशातल्या गंधकापासून होणारे सल्फेटचे कण ऊन परत आकाशाकडे उधळतात, त्यामुळे जमीन कमी तापते. १९९१मध्ये फिलिपाइन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीने गंधकवायू थेट स्थितांबरात, म्हणजे ढग-पावसाच्या वरच्या थरात फेकला, तेव्हा पुढल्या वर्षी पृथ्वी सुमारे अर्धा अंश थंडावली होती. काजळी याच्या उलट. ती ऊन शोषून हवा तापवते. शिवाय ढगातला थेंब धरतो तोही अशाच एखाद्या कणावर. कण फार झाले की तेवढंच पाणी असंख्य बारीक थेंबांत वाटलं जातं. असा ढग जास्त ऊन परतवतो आणि पुष्कळदा लवकर बरसत नाही.

युरोप-अमेरिकेने १९८०नंतर, चीनने २०१३नंतर गंधकाचा धूर झपाट्याने कमी केला. २०२०पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आली. भारतावरचं धुरकं मात्र याच काळात दाटत गेलं. १९०१ ते २०१८ या काळात भारत सुमारे ०.७ अंशांनीच तापला, जगाच्या सरासरीपेक्षा कमी. त्यामागे या कणांचाही हात आहे. १९५१ ते २०१५ दरम्यान मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला, त्यातही त्यांचा वाटा मानला जातो.

मला धास्ती वाटते ती दोन आयुष्यांतल्या फरकाची. खालच्या हवेतला कण आठवडा-दोन आठवड्यांत पावसाबरोबर उतरतो; त्याच चिमणीतून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा हिस्सा शतकानुशतकं हवेत राहतो. म्हणजे धुरकं निवळेल तसा आजवर झाकलेला ताप उघडा पडेल, तोही २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सोसलेल्या नागपुरात. म्हणून धूर राहू द्यावा, हे मला अजिबात पटत नाही. तो आपल्या लेकरांच्या छातीत जातो. गंधक रोखताना कोळसाही कमी करायला हवा, आणि काजळी तर सर्वांत आधी. पऱ्हाटीची चूल विझून घरात गॅस आला, तर स्वयंपाक करणाऱ्या बाईचा खोकला कमी होऊ शकतो आणि हवा तापवणारा कणही त्याच दिवशी कमी होतो.