चेकवरची सही : पाठांकन, बनावट सही आणि नवी सही नोंदवण्याची पद्धत

हापूसचा हंगाम आवरला की वाशीच्या व्यापाऱ्याचा चेक देवगड-राजापूरच्या बागायतदाराच्या हाती येतो, आणि पुष्कळदा तोच चेक पाठीमागे सही करून, म्हणजे पाठांकन करून, खतवाल्याला देण्याचा विचार होतो. चेकवर ‘अकाउंट पेयी’चा शिक्का असेल तर मात्र तसे करता येत नाही, रक्कम ज्याचे नाव लिहिले आहे त्याच्याच खात्यात जमा होते. इतर ऑर्डर चेकच्या (नाव लिहिलेल्याला किंवा तो सांगेल त्याला पैसे देण्याच्या चेकच्या) पाठीवर ‘अमुक यांना द्यावे’ असे लिहून, चेकवर नाव जसे आहे तशीच सही करावी. नुसती सही केलेला चेक ज्याच्या हाती पडेल त्याला वटवता येतो, म्हणून तसे करू नये.

बनावट सहीच्या बाबतीत पुढची आणि मागची सही यांत मोठा फरक आहे, आणि तो फार थोड्यांना ठाऊक असतो. चेक देणाऱ्याची पुढची सही खोटी असेल तर बँकेला पैसे देण्याचा आदेशच मिळालेला नसतो, त्यामुळे ती रक्कम खात्यातून वळती करता येत नाही. खातेदाराने पासबुक वेळेवर तपासले नाही एवढ्यावर बँकेची सुटका होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये कॅनरा बँकेच्या खटल्यात स्पष्ट केले. पाठीवरची सही खोटी निघाली आणि बँकेने ऑर्डर चेकचे पैसे सद्भावाने, रीतसर दिले असतील, तर 1881 च्या परक्राम्य संलेख कायद्याचे (चेक, हुंडी यांसंबंधीच्या कायद्याचे) कलम 85 बँकेला संरक्षण देते. मुंबईकर मुलासाठी कोऱ्या चेकांवर सह्या करून पुस्तक घरात ठेवण्याची सवय तर त्याहून घातक, कारण तिथे सही खरीच असते.

फसवणूक लक्षात येताच शाखेत लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी, उरलेले चेक थांबवावेत, वटलेल्या चेकची प्रत मागावी आणि पोलिसांत फिर्याद द्यावी. अशा बनावटीला भारतीय न्याय संहितेच्या कलम 338 खाली जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

वयोमानाने हात थरथरू लागला की ‘सही जुळत नाही’ या शेऱ्याने चेक परत येतो. अशा वेळी कोणत्याही खातेदाराला नवी सही नोंदवता येते. त्यासाठी खाते असलेल्या शाखेत स्वतः जाऊन, जुनी व नवी सही असलेला अर्ज, पासबुक, आधार, पॅन आणि फोटो अधिकाऱ्यासमोर द्यावा. संयुक्त खात्यात दुसऱ्या खातेदाराची संमती मागितली जाऊ शकते. जुन्या सहीचे जे चेक आधीच दिले आहेत, त्यांचे क्रमांक त्याच अर्जात लिहावेत, नाहीतर ते परत येतील. सहीच करता येत नसेल तर अंगठा चालतो. मात्र पैसे काढताना बँकेला माहीत असलेले दोन साक्षीदार लागतात, आणि त्यांपैकी एक बँकेचाच जबाबदार अधिकारी असावा लागतो.