जुन्या वाणांचे गुलाब : ठाणे-नवी मुंबईतील सेंद्रिय जोपासना

‘ला फ्रान्स’ हा पहिला हायब्रिड टी (आधुनिक, मोठ्या फुलांच्या संकरित गुलाबांचा वर्ग) गुलाब १८६७ साली आला. त्याआधी रूढ असलेल्या वर्गांना जुने बागायती गुलाब म्हणतात. यांतले गॅलिका, आल्बा आणि सेंटिफोलिया कडक थंडी मागतात. ती न मिळाल्यास झाड नुसते वाढते, कळी धरत नाही. ते ठाण्यात लावूच नयेत. चायना, टी, नॉइझेट व बोर्बन मात्र इथे पुन्हापुन्हा फुलतात. सुरुवातीला ‘ओल्ड ब्लश’ किंवा गुलकंदाचा एडवर्ड गुलाब उत्तम.

कुंडी किमान १४ इंची, ऊन ५-६ तास. तांबडी माती २ भाग, पूर्ण कुजलेले शेणखत १ भाग, गांडूळखत व जाड रेती अर्धा-अर्धा भाग. शिवाय निंबोळी पेंड १०० ग्रॅम आणि हाडांची भुकटी ५० ग्रॅम. नवी मुंबईत खाडीच्या भरावावर जमीन खारट लागते, तिथे कुंडी किंवा दीड फूट उंच वाफाच बरा. कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) वापरल्यास तेही दोनदा धुऊन घ्यावे. पानांच्या कडा करपू लागल्या की आधी क्षारांचा संशय घ्यावा.

छाटणी पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यास. हायब्रिड टीसारखी खोल छाटणी या झाडांना मानवत नाही, आणि सर्वाधिक नुकसान इथेच होते. चायना व टी गुलाबांच्या फक्त वाळक्या, बारीक फांद्या काढाव्यात. बोर्बन एक तृतीयांशाने कमी करावा. आठ-दहा दिवसांनी वरची माती हलकेच उकरून दोन मुठी शेणखत घालावे. पुढे फेब्रुवारीअखेरपर्यंत दर पंधरवड्याला पेंडीचे पाणी : १०० ग्रॅम शेंगदाणा पेंड १ लिटर पाण्यात ३ दिवस भिजवून, रोज ढवळून गाळावी, दहापट पाणी मिसळून ओल्या मातीत अर्धा लिटर द्यावे. कोरडी पेंड कुंडीत टाकली की ती तिथेच आंबते, मुळे करपतात, अळ्या होतात. पेंडीसोबत राख घालू नये. नत्र अमोनिया होऊन उडून जातो.

जून ते सप्टेंबर खत बंद. दिलेले वाहून जाते आणि कोवळ्या फुटीवर काळे ठिपके पडतात. ही बुरशी पान सातेक तास सलग ओले राहिले की रुजते, म्हणून कुंड्यांत फूटभर अंतर ठेवावे, गळलेली पाने रोज वेचावीत आणि ती कंपोस्टमध्ये टाकू नयेत. थंडीतल्या भुरीवर (पानांवरची पांढरी बुरशी) दहापट पाण्यात आंबट ताक फवारावे. उन्हाळ्यात गॅलरीतल्या कुंड्यांवर लाल कोळी (पानांतला रस शोषणारी अतिसूक्ष्म कीड) येतो. पानांची खालची बाजू पाण्याच्या जोरदार धारेने धुवावी. तरीही राहिल्यास लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंब तेल व थोडा पातळ साबण मिसळून संध्याकाळीच फवारावे, उन्हात पाने भाजतात.