साडेतीन-साडेआठचे दूध आणि सहाव्या महिन्याचा घास

अकोले-संगमनेरच्या पट्ट्यात पहाटे सहाच्या सुमारास कोणत्याही दूध संकलन केंद्रावर गेलात, तर किटल्या आणि कॅन घेऊन उभी असलेली रांग दिसते. प्रत्येकाच्या दुधाचा छोटा नमुना यंत्राच्या नळीला लावला जातो, अर्ध्या-एक मिनिटात दोन आकडे उमटतात आणि एक चिठ्ठी हातात येते. अशाच एका केंद्रावर कडेवर सात महिन्यांचे बाळ घेऊन आलेल्या एका आईने चिठ्ठी पाहून विचारले होते, "भाऊ, आमच्या गायीला आज फॅट चार-दोन लागलंय. मग बाळाला देताना पाणी घालू का नको?" केंद्रचालक हसला आणि पुढच्या कॅनकडे वळला. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. ज्या दोन आकड्यांवर घरात पैसा येतो, तेच आकडे बाळाच्या पोटाबद्दलही काही सांगत असतील, असे तिने धरले होते. आपण सगळेच थोड्याफार फरकाने तसे धरून चालतो.

त्या चिठ्ठीवरचा पहिला आकडा फॅट, म्हणजे स्निग्धांश; 'चार-दोन' म्हणजे ४.२ टक्के. दुसरा एसएनएफ, म्हणजे पाणी आणि स्निग्धांश वजा जाता उरणारे सगळे घनपदार्थ. महाराष्ट्रात गायीच्या दुधाचा पायाभूत दर साधारणपणे ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ या गुणप्रतीला धरून जाहीर होतो. त्याखाली दूध आले की प्रत्येक पॉइंटमागे, म्हणजे ०.१ टक्क्यामागे, ठरावीक पैसे कापले जातात. जुलै २०२४ मध्ये या प्रतीला दूध संघांनी लिटरमागे ३० रुपये द्यावेत आणि ५ रुपये अनुदान शासनाने द्यावे, असे ठरले. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून ही वाटणी २८ आणि ७ अशी झाली. बेरीज तीच राहिली, पण 'डिग्री', म्हणजे लॅक्टोमीटरवरचा घनतेचा आकडा, 'बसत नाही' म्हणून कापलेल्या पैशांवरची चडफडही तशीच राहिली.

फॅट मोजण्याची खात्रीशीर रीत १८९०-९१ च्या सुमारास सापडली. अमेरिकेत स्टीफन बॅबकॉक आणि स्वित्झर्लंडमध्ये निकलाउस गर्बर यांनी जवळजवळ एकाच वेळी अशा चाचण्या शोधल्या. दुधात तीव्र गंधकाम्ल घातले की प्रथिने विरघळतात, स्निग्धांश मोकळा होतो, आणि नळी गरगर फिरवली की तो मानेत वर येऊन थांबतो, तिथे तो पट्टीवर वाचता येतो. तोवर दूध नुसत्या मापाने विकले जात होते, त्यामुळे पाणी घालणारा आणि न घालणारा एकाच भावाने तोलला जात असे. आपल्याकडची जुनी केंद्रे कित्येक वर्षे गर्बरच्याच नळीवर चालली. आता ध्वनिलहरींवर चालणारी यंत्रे आली आहेत.

गायीच्या पोटातले गणितही या आकड्यात उतरते. कडबा आणि हिरवा चारा कोठीपोटातल्या सूक्ष्मजीवांनी आंबवला की त्यातून ॲसिटिक आम्ल तयार होते आणि कासेत त्यापासून दुधातला बराचसा स्निग्धांश घडतो. म्हणून तंतुमय चारा कमी करून पेंड आणि भरडा वाढवला, की दूध वाढते पण फॅट घसरते. धारेच्या सुरुवातीचे दूध पातळ आणि शेवटच्या धारांचे दाट असते, त्यामुळे वासराला शेवटी सोडणाऱ्या शेतकऱ्याच्या कॅनमध्ये येण्याजोगे सर्वात दाट दूध वासरू पिऊन जाते. आईच्या दुधाचेही असेच आहे. अंगावर पाजताना शेवटी येणारे दूध अधिक स्निग्ध असते.

आता भावाकडे. शंभर लिटर दूध म्हणजे सुमारे १०३ किलो. ३.५ टक्क्यांनी त्यात ३.६ किलो स्निग्धांश आणि ८.५ टक्क्यांनी पावणेनऊ किलो एसएनएफ निघते. त्यातून साधारण साडेचार किलोच्या आतबाहेर लोणी आणि नऊ किलो बिनस्निग्धांशाची भुकटी तयार होते. पुष्ट काळात, म्हणजे जनावरे अधिक दूध देतात त्या महिन्यांत, पिशवीतून विकून उरलेले दूध भुकटीकडे वळते. त्यामुळे भुकटीचा आणि लोण्याचा बाजारभाव उलटा चालत येऊन अकोले-संगमनेरच्या चिठ्ठीपर्यंत पोहोचतो. ऑगस्ट २०१४ मध्ये रशियाने युरोपीय दुग्धपदार्थांची आयात थांबवली, एप्रिल २०१५ मध्ये युरोपीय संघाने दूध उत्पादनावरची मर्यादा उठवली, आणि जगभर भुकटीचे भाव कोसळले. त्याचा चटका इथल्या गोठ्यालाही बसला.

म्हणजे व्यवहाराच्या दृष्टीने हे दोन आकडे अगदी योग्य आहेत, कारण लोणी आणि भुकटी किती निघेल एवढेच त्यांना सांगायचे असते. बाळाच्या दृष्टीने पाहिले तर मात्र गंमत अशी, की आईचे दूध त्या यंत्रात घातले असते, तर फॅट आणि एसएनएफचे आकडे गायीच्या दुधाहून फार वेगळे आले नसते. वेगळी आहे ती आतली वाटणी. गायीच्या दुधातल्या साडेआठ टक्क्यांत प्रथिने सुमारे ३.२, दुग्धशर्करा ४.६ आणि क्षार ०.७ टक्के असतात. आईच्या दुधात प्रथिने जेमतेम एक टक्का, शर्करा सात टक्के आणि क्षार ०.२ टक्के. वासरू महिन्या-दोन महिन्यांत दुप्पट वजनाचे होऊन उड्या मारू लागते, त्याला हाडामांसासाठी हे सारे लागते. माणसाच्या बाळाची मूत्रपिंडे मात्र पहिल्या वर्षात लघवी पुरेशी दाट करू शकत नाहीत. एवढी प्रथिने आणि क्षार बाहेर टाकायला त्यांना अधिक पाणी खर्चावे लागते, आणि ताप किंवा जुलाब असताना तेच अंगावर बेतते. शिवाय गायीच्या दुधाने काही बाळांच्या आतड्यातून डोळ्यांना न दिसणारा रक्तस्राव होतो. पाणी घातल्याने हा प्रश्न सुटत नाही. पाण्याने प्रथिने पातळ होतात तशी ऊर्जाही पातळ होते, आणि पाणी उकळलेले नसेल तर जंतूही आत जातात. त्या आईच्या प्रश्नाचे खरे उत्तर असे, की दूध पाणी घालून की न घालता, हा निवडीचा मुद्दाच नाही.

मुद्दा आहे लोहाचा, आणि लोह त्या यंत्राला दिसतच नाही. गायीच्या लिटरभर दुधात लोह असते अर्धा मिलिग्रॅम, आणि बाळाच्या आतड्यात त्यातला सुमारे दहावा भाग शोषला जातो. आईच्या दुधातही ते त्याहून थोडे कमीच असते, पण त्यातले निम्म्यापर्यंत अंगी लागते. पूर्ण दिवसांचे बाळ जन्मतः किलोमागे साधारण ७५ मिलिग्रॅम लोहाची शिदोरी घेऊन येते. तीन किलोच्या बाळाकडे ही शिदोरी सव्वादोनशे मिलिग्रॅमच्या आसपास भरते. जन्मानंतर नाळ किमान एक मिनिट थांबून बांधावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, ते या शिदोरीत थोडी भर पडावी म्हणूनच. पाच महिन्यांत वजन दुप्पट होते, रक्त वाढते, आणि सहाव्या महिन्याच्या सुमारास डबा रिकामा होऊ लागतो. त्यानंतर बाळाच्या शरीराला रोज पाऊण मिलिग्रॅमच्या आसपास लोह शोषून घ्यावे लागते. दिवसाला पाऊण लिटर आईच्या दुधातून मिळते जास्तीत जास्त त्याच्या सहाव्या भागाएवढे. अर्धा लिटर गायीच्या दुधातून मिळते एका मिलिग्रॅमच्या चाळिसाव्या भागाएवढे. हा खड्डा दुधाने बुजणारा नाही, फॅट चार-दोन लागो की सहा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी भारतात ६७.१ टक्के आणि महाराष्ट्रात ६८.९ टक्के मुले रक्तक्षयी आढळली. दुधाच्या व्यवसायात पुढे असलेल्या राज्याचा हा आकडा आहे. त्याच पाहणीत सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी देशभरात फक्त ११.३ टक्के मुलांना पुरेसा आणि पुरेशा विविधतेचा आहार मिळत होता.

म्हणून सहा महिने पूर्ण झाले की उष्टावण. मामाने चांदीच्या वाटीतली खीर बाळाच्या ओठाला लावण्याचा हा विधी वेळेच्या बाबतीत शास्त्राशी बऱ्यापैकी जुळतो. या वयात मान सावरलेली असते, आधाराने बसता येते, आणि चमचा तोंडात आला की जिभेने बाहेर ढकलण्याची उपजत सवय ओसरलेली असते. घोटाळा होतो तो दुसऱ्या दिवसापासून. खिरीनंतर बाळाला काय मिळते, तर भाताची पेज आणि डाळीचे वरवरचे पाणी. शंभर मिलिलिटर पातळ पेजेत पाच ग्रॅम तांदूळ असला तर ऊर्जा झाली अठरा किलोकॅलरी. तेवढ्याच आईच्या दुधात सुमारे ६७ असते. म्हणजे दुधाच्या जोडीला म्हणून आणलेले अन्न दुधाहून पातळ ठरते. सहा ते आठ महिन्यांच्या, अंगावर पिणाऱ्या बाळाला वरच्या अन्नातून रोज २०० किलोकॅलरी लागतात. ती पेजेतून द्यायची तर लिटरभराहून जास्त पेज पाजावी लागेल, आणि सात किलोच्या बाळाच्या जठरात एका वेळी मावते फक्त २०० मिलिलिटरच्या आसपास.

इथे आपल्या जुन्या खिमटाचे मोल कळते. तांदूळ आणि मुगाची डाळ भाजून, भरडून शिजवलेल्या खिमटात शंभर ग्रॅममागे वीस ग्रॅम कोरडे पीठ सहज बसते. त्यावर चमचाभर तूप सोडले की आणखी ४५ किलोकॅलरी मिळतात आणि एकूण ऊर्जा शंभराच्या वर जाते. चमचा तिरका केला तर खिमट हळूहळू घसरावे, पाण्यासारखे ओघळू नये, ही कसोटी पुरेशी आहे. वाटी थंड होऊ देऊ नये, कारण थंड होताना शिजलेल्या पिष्टाच्या साखळ्या पुन्हा एकमेकींना बिलगतात आणि सरसरीत खिमटाचा गोळा होतो. मग घरातले कोणीतरी त्यात अर्धी वाटी पाणी ओतते आणि गणित पुन्हा पेजेवर येते.

यावरचा एक सुंदर उपाय मोडांत दडलेला आहे. धान्याला मोड आले की त्यात पिष्ट तोडणारे अमायलेज हे विकर तयार होते. मोडाच्या नाचणीचे वाळवून दळलेले चमचाभर पीठ दाट खिमट तापत असताना घातले, की काही मिनिटांत ते सैल होते. त्यात पाण्याचा थेंबही वाढलेला नसतो. १९८० च्या दशकात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात या पिठावर पद्धतशीर काम झाले. अट एवढीच की मोड आलेले दाणे कडक वाळवावेत, नाहीतर बुरशी धरते, आणि पीठ घातल्यावर खिमट नीट उकळावे. मोड आल्याने धान्यातले लोह अडवून धरणारे फायटेट कमी होते आणि लोहाची वाट थोडी मोकळी होते, हा दुसरा फायदा. फडक्यातून गाळून, साका खाली बसवून काढलेले पांढरे 'सत्त्व' मात्र या हिशेबात कमी पडते, कारण नाचणीतले बरेचसे लोह आणि प्रथिने चोथ्याबरोबर जातात. बाळाला पचायला हलके म्हणून मेहनतीने गाळायचे आणि नेमके हवे तेच टाकून द्यायचे, असा हा उद्योग आहे.

नुसत्या धान्या-डाळींतले लोह फार थोडे शोषले जाते. वरणावर लिंबाचे चार थेंब पिळले, तर क जीवनसत्त्वामुळे हे शोषण वाढते. अंडे, मासे, कलेजी खाणाऱ्या घरांत ते सातव्या महिन्यापासून नीट शिजवून, कुस्करून द्यावे. मासे-मटणातले लोह शोषायला सर्वात सोपे असते. उलट, नाचणीची खीर दुधात शिजवली तर दुधातले कॅल्शियम आणि केसीन हे प्रथिन लोहाच्या वाटेत आडवे येतात. बाळाचा वाटा फोडणी आणि मीठ घालण्याआधीच बाजूला काढावा. गुटीबरोबर चाटवला जाणारा मध वर्षाच्या आत देऊ नये, कारण त्यातील बोटुलिनम या विषारी जिवाणूचे बीजाणू तान्ह्या आतड्यात रुजू शकतात. नवव्या-दहाव्या महिन्यापर्यंत बारीक गुठळ्या तोंडात गेल्या पाहिजेत. मिक्सरमधून काढलेल्या गुळगुळीत लगद्यावरच वर्ष काढलेली मुले पुढे घास पाहून उमासे काढतात.

मग गायीचे दूध कधी? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शनानुसार सहा ते अकरा महिन्यांच्या ज्या बाळांना आईचे दूध मिळत नाही, त्यांना प्राण्याचे दूध देता येते. बालरोगतज्ज्ञ मात्र लोहाच्या कारणाने वर्षापर्यंत ते मुख्य पेय करू नये, या मताकडे झुकतात. दोन्ही बाजूंना एक गोष्ट मान्य आहे, की दूध आले तरी लोहयुक्त घास चुकता कामा नये. दही, तूप, लोणी यांना या वयात अडचण नाही, आणि तुपाचा चमचा तर उपयोगाचाच. बाळांसाठीची डब्यातली भुकटी हा वेगळा प्रकार आहे. १९५० च्या दशकात म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने म्हशीच्या दुधापासून बालान्न करण्याचे तंत्र बसवले आणि आणंदच्या सहकारी संघाने ते उत्पादनात आणले. आजच्या डब्यांत प्रथिने आणि क्षार उतरवलेले, शर्करा वाढवलेली आणि लोह वरून मिसळलेले असते. त्यांच्या जाहिरातीला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे.

वर्षानंतर दूध सुरू झाले, की घरात दूधदुभते आहे म्हणून बाटलीवर बाटली दिली जाते. पोट भरते, भूक मरते, घास नाकारला जातो. असे मूल गुबगुबीत, पण पापण्या खाली ओढून पाहिल्या तर आतून फिकट दिसते. दवाखान्यात अशा मुलाचे हिमोग्लोबिन तपासायला पाठवण्याआधीच अनुभवी डॉक्टर दुधाचे विचारतात, जेवणाचे नंतर. पहिला प्रश्न असतो, दिवसातून दूध किती पितो? अर्ध्या लिटरच्या वर उत्तर आले, तर ते आधी दूध कमी करायला सांगतात, आणि गोठ्याची सवय असलेल्या आजीचा त्यावर सहसा विश्वास बसत नाही.