सरीतली भाजी परड्यात कशी आली

पालकाशेजारी लसूण लावा, मेथीच्या कडेनं झेंडू लावा, असे 'सोबती पिकां'चे तक्ते कोल्हापुरात गच्चीवर भाजी करणाऱ्यांच्या मोबाइलवर फिरत असतात. करवीर नाहीतर कागल तालुक्यातल्या एखाद्या म्हातारीला दाखवले तर ती म्हणेल, यात नवीन ते काय? तिचं बरोबर आहे, पण अर्धंच.

जिरायती रानात इरवाड घालायची रीत जुनी. ज्वारीत मधेच तूर-मटकीच्या ओळी, कडेला अंबाडी. पाऊस हुकला तर एक तरी पीक पदरात पडावं, एवढा साधा हिशेब. कडधान्याच्या मुळांवरच्या गाठींत हवेतला नत्र बांधला जातो, हे हेलरीगेल आणि विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी 1886-88 मध्ये दाखवलं. अंबाडीसारखी एखादी सोडली तर पालेभाजीला त्या रानात जागा नव्हती. तिला पाणी लागतं.

शाहू महाराजांनी भोगावतीवर राधानगरी धरणाचं काम सुरू केलं, ते पुरं झालं स्वातंत्र्यानंतर. नद्यांवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे झाले, ऊस पसरला आणि त्याच्याबरोबर सरी, म्हणजे ऊस लावायचा, पाणी खेळवायचा लांब चर, आली. कांडी लावल्यापासून ऊस फुटवे धरेपर्यंत दीड-दोन महिने सरी मोकळीच असते. मेथी महिन्यात निघते, कोथिंबीर चाळीसेक दिवसांत. बायकांनी ती फट बरोबर हेरली. सरीच्या बगलेला मेथी, पोकळा, वरंब्यावर कांदा. माझी आजी धने पायताणाखाली रगडायची, दोन फाका झाल्या की मातीत कालवून विसकटायची. भरणीच्या, म्हणजे उसाच्या बुडाला मातीची भर द्यायच्या, आत सगळं काढून मोकळं. उसाला द्यायच्या पाण्यातच घरची भाजी निघायची.

ही रीत मोडली तणनाशकानं. 1940 च्या दशकात निघालेलं टू-फोर-डी रुंद पानाचं तण मारतं आणि ऊस हा गवताच्या जातीचा म्हणून त्याला सोडतं. पण मेथी, पोकळा, कोथिंबीर यांचं पानही रुंदच. भांगलणीची मजुरी वाचली आणि सरीतली भाजी गेली. मग ती परड्यात, घरामागच्या मोकळ्या जागेत आली, शहरात गच्चीवरच्या कुंड्यांत.

मोबाइलवरच्या तक्त्यांचं कूळ वेगळं. ऑस्ट्रियन तत्त्वज्ञ रुडॉल्फ स्टायनर यांनी 1924 मध्ये शेतीवर व्याख्यानं दिली, त्यातून जैवगतिक (बायोडायनॅमिक) शेती निघाली. त्यांचे अनुयायी एहरनफ्रीड फायफर तांब्याच्या क्षारात झाडांचा रस मिसळून त्याचे स्फटिक पाडून कुणाचं कुणाशी जमतं ते ठरवायचे. पुढं अशा याद्या एकातून दुसरीत उतरत गेल्या. शेतात पडताळल्या गेल्या त्या थोड्याच. झेंडूचंच घ्या. तो मूळचा मेक्सिकोकडचा, आपल्या दसऱ्यात नंतर शिरलेला. त्याच्या मुळांतलं द्रव्य सूत्रकृमींना, म्हणजे मुळांना लागणाऱ्या मातीतल्या बारक्या कृमींना, मारक आहे हे खरं, पण त्यासाठी झेंडू वाफाभर दाट लावून दोन-तीन महिने ठेवावा लागतो. कुंडीच्या कोपऱ्यातलं एक रोप हाराला पुरेल.

शेपू-कोथिंबिरीचं मात्र मला पटतं. आजी दरवर्षी चार-सहा झाडं बी धरायला सोडायची. फुलांच्या छत्र्या उमलल्या की त्यावर ढालकिडे (लेडीबर्ड) आणि बारक्या गांधीलमाश्या यायच्या, शेजारच्या वाफ्यातली माव्याची कीड त्यांच्या पोटात जायची. आजीला ढालकिड्यांचं काही नव्हतं, तिला पुढच्या वर्षाचं बी हवं असायचं.